संतपदाचा निवाडा

संत हा शब्द मराठींत इतका घरगुती झाला आहे कीं, तो उच्चारतांना त्याच्यामागें कोणाचा सही-शिक्का असावा लागतो, अशी शंकाहि कोणाच्या मनास शिवत नाहीं. वाशीम जिल्ह्यांतील इंझोरीसारखें एखादें गांव घ्या. तेथील वारकऱ्यास, तुकोबा संत कशावरून, असें विचारलें तर तो प्रश्नाचेंच नवल करील, आणि फार झालें तर एखादा अभंग म्हणून दाखवील. याच जिल्ह्यांतील कारंजा हें नृसिंहसरस्वतींचें जन्मस्थान. याच जिल्ह्यांत पोहरादेवी येथें सेवालाल महाराजांच्या समाधीपुढें बंजारा समाज ठिकठिकाणांहून येऊन नतमस्तक होतो. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यांत गजानन महाराजांचें शेगांव. या सत्पुरुषांस त्यांचें पद कोणत्या सभेनें, कोणत्या तारखेस आणि कोणता पुरावा पाहून दिलें? कोणींच दिलें नाहीं. लोकांनीं हात जोडले आणि पद सिद्ध झालें.

उलटपक्षीं, रोमन कॅथॉलिक आणि ऑर्थोडॉक्स या ख्रिस्ती धर्माच्या दोन प्राचीन शाखांत संतपद हें जाहीर करावें लागतें. त्यासाठीं चौकशी होते, साक्षी निघतात, ठराव होतो आणि नियत दिवशीं घोषणा होते. आमचे पुष्कळ सुशिक्षित वाचक हें ऐकून हंसतात. स्वर्गांतील आसनें पृथ्वीवरील कचेरीनें कशीं वांटावीं, असा त्यांचा सवाल असतो. आम्हांस हा विषय हंसण्यावारी नेण्याजोगा वाटत नाहीं. संत कोणास म्हणावें याचा निवाडा प्रत्येक समाज करीतच असतो. कोणी तो कचेरींत करतो, कोणी कीर्तनांत. यांपैकीं कोणत्या निवाड्यांत खऱ्याखोट्याची निवड अधिक होते, आणि आपलीं संतचरित्रें वाचतांना त्यापासून काय घेण्यासारखें आहे, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. पोप कोणास संत करीत नाहीं. अमुक मनुष्य ईश्वरापाशीं पोंचला आहे असें तो जाहीर करतो, आणि त्याची उपासना सर्व चर्चनें करावी अशी आज्ञा देतो. आरंभीं हा अधिकारहि त्याच्या एकट्याच्या हातीं नव्हता. धर्मासाठीं प्राण देणाऱ्या रक्तसाक्षींच्या थडग्यांपाशीं लोक जमत, त्यांची पुण्यतिथि पाळीत, आणि स्थानिक बिशप त्यास मान्यता देई. म्हणजे पद्धति बरीचशी आपल्यासारखीच होती. इ. स. ९९३ मध्यें पंधरावा जॉन या पोपनें आउग्सबुर्गचा बिशप उल्रिक यास संत म्हणून घोषित केलें. पोपच्या घोषणेचें हें पहिलें निश्चित उदाहरण मानतात. पुढें १२३४ मध्यें नववा ग्रेगरी याच्या धर्मशास्त्रसंग्रहानें हा अधिकार रोमकडे राखून ठेवला. १५८८ मध्यें पांचवा सिक्स्टस यानें या कामासाठीं खातें निर्माण केलें, आणि सतराव्या शतकाच्या पूर्वार्धांत आठवा अर्बन यानें, रोमच्या निकालापूर्वीं कोणाची सार्वजनिक उपासना करूं नये, असा कडक नियम घातला.

आजच्या नियमांप्रमाणें मृत्यूनंतर साधारणतः पांच वर्षें गेल्यावांचून चौकशी सुरू होत नाहीं. ईश्वरसेवक, पूज्य, धन्य आणि संत अशा चार पायऱ्या आहेत. उमेदवाराचें चरित्र तपासतात, त्याचे लेख वाचतात, साक्षीदारांच्या जबान्या घेतात. धन्य ठरण्यास एक चमत्कार लागतो, संत ठरण्यास दुसरा. रक्तसाक्षी असल्यास पहिल्याची अट नसते. चमत्कार म्हणजे बहुधा असाध्य रोग बरा होणें. आणि त्या बरें होण्यास वैद्यकशास्त्रानें कारण दाखवितां येतें कीं काय, हें डॉक्टरांच्या मंडळापुढें ठेवतात. चमत्कारावर ज्यांचा मुळींच विश्वास नाहीं त्यांचें समाधान यानें होणार नाहीं. परंतु चमत्कार ऐकून लागलीच माना डोलवावयाच्या नाहींत, त्याची उलटतपासणी करावयाची, हा आग्रह बुद्धिवाद्यानेंहि मान्य करावा असा आहे.

या सर्व यंत्रणेंत आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो तो एक अधिकारी. त्याचें औपचारिक नांव श्रद्धेचा कैवारी अशा अर्थाचें आहे, पण लोकांनीं त्यास नांव ठेवलें 'सैतानाचा वकील'. उमेदवाराविरुद्ध जें जें बोलतां येईल तें तें बोलणें, पुराव्यांतील छिद्रें दाखविणें, साधेपणामागें दंभ आणि वैराग्यामागें हट्ट तर नाहीं ना अशा शंका काढणें, हें त्याचें कर्तव्य. प्रॉस्पेरो लांबेर्तिनी या विद्वानानें सुमारें वीस वर्षें हें काम केलें, या विषयावर चार भागांचा प्रचंड ग्रंथ लिहिला, आणि १७४० मध्यें तोच चौदावा बेनेडिक्ट या नांवानें पोप झाला. विरोध करणें हेंच ज्याचें अधिकृत काम, त्यासच धर्मपीठावर बसवावें, यांत विरोधाचें मोल त्या संस्थेस कळत होतें असें दिसतें.

हें मोल पुढें तितकें राहिलें नाहीं. १९८३ मध्यें दुसरा जॉन पॉल यांनीं ही पद्धति सुटसुटीत केली, आणि सैतानाच्या वकिलाचें विरोधकाचें काम जवळजवळ संपलें. त्याच पोपांच्या कारकीर्दींत ४८० हून अधिक संत जाहीर झाले. २०१३ मध्यें फ्रान्सिस पोपांनीं १४८० सालीं इटलींतील ओत्रांतो शहरीं मारल्या गेलेल्या सुमारें आठशें जणांस एकाच दिवशीं संतपद दिलें. न्यायालयांत वकील एकाच बाजूचा राहिला म्हणजे निकाल भराभर लागतात, अशी टीका या वेगावर झाली. ती अगदींच निराधार म्हणतां येणार नाहीं. तथापि जुनी शिस्त सर्वस्वीं गेली असेंहि नाहीं. मदर तेरेसा यांच्या चौकशींत त्यांचे कडवे टीकाकार ख्रिस्तोफर हिचन्स यांस बोलावून त्यांची साक्ष घेण्यांत आली. मदर तेरेसा २००३ मध्यें धन्य आणि २०१६ मध्यें संत ठरल्या; म्हणजे निकाल विरोधकाच्या विरुद्ध गेला. पण त्याचें म्हणणें ऐकून घेतलें गेलें, हें विसरतां येत नाहीं.

ऑर्थोडॉक्स चर्चची रीत याहून निराळी. तेथें पायऱ्यांची शिडी नाहीं, चमत्कारांची ठराविक संख्या नाहीं. लोकांची भक्ति आधीं, धर्मसभेचा ठराव मागाहून. रशियन पद्धतींत एक विधि आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो: घोषणेपूर्वीं त्या व्यक्तीच्या आत्म्यास शांति मिळावी म्हणून अखेरची प्रार्थना करतात, आणि नंतर त्याच व्यक्तीकडे 'आमच्यासाठीं प्रार्थना कर' असें पहिलें मागणें मागतात. कालपर्यंत आपण त्याच्यासाठीं मागत होतों, आजपासून तो आपल्यासाठीं मागेल. आपल्या देशांतहि याचें उदाहरण आहे. केरळांतील परुमल येथील मार ग्रेगोरिओस १९०२ मध्यें वारले. त्यांच्या समाधीवर लोकांची रीघ लागली. आणि १९४७ च्या नोव्हेंबरांत मलंकर ऑर्थोडॉक्स चर्चनें त्यांस संत म्हणून घोषित केलें.

परंतु लोकभक्तीच्या मागोमाग राजसत्ताहि देवळांत शिरते, हा या रीतीचा दोष. आन्ना काशिन्स्काया या राणीस रशियन चर्चनें १६५० मध्यें संत मानलें. पुढें धर्मांत फूट पडली. क्रूसाची खूण दोन बोटांनीं करावी कीं तीन, असा वाद पेटला. आणि राणीच्या शवाचीं बोटें जुन्या पक्षाच्या बाजूनें साक्ष देतात असें लोक म्हणूं लागतांच १६७८ च्या सुमारास तिचें संतपद काढून घेण्यांत आलें. तें परत मिळण्यास १९०९ साल उजाडावें लागलें. सरोवचा सेराफिम हा लोकप्रिय तपस्वी १९०३ मध्यें संत जाहीर झाला, त्यांत झार दुसरा निकोलस याचा आग्रह मोठा होता. आणि याच झारास २००० सालीं मॉस्कोच्या धर्मसभेनें कुटुंबासह संतांत बसविलें. त्याच्या राज्यकारभाराचा पाढा वाचणाऱ्यांस उत्तर मिळालें तें असें कीं, हा मान राज्य करण्याबद्दल नसून मरण ज्या सोशिकपणानें पत्करलें त्याबद्दल आहे. हें उत्तर चतुर असेल. पण राजाच्या बाबतींत जीवन बाजूस ठेवून मरणाचीच परीक्षा करण्याची सवलत मिळावी, हें पटत नाहीं.

हा झाला दूरच्या मुलुखांतील इतिहास. परंतु रोमच्या या न्यायासनापुढें आपल्या वसईचाहि एक पुत्र उभा राहिला होता, हें किती मराठी वाचकांस ठाऊक असेल? गोन्सालो गार्सिया हा सोळाव्या शतकाच्या मध्यास वसई येथें जन्मला. बाप पोर्तुगीज शिपाई, आई याच भागांतील. पोरवयांतच तो जेझुइट पाद्र्यांबरोबर जपानास गेला, तेथील भाषा उत्तम शिकला, परंतु जेझुइट संघांत त्यास प्रवेश मिळाला नाहीं. मग मकावमध्यें त्यानें व्यापार केला आणि शेवटीं फिलिपाइन्स बेटांत मनिला येथें फ्रान्सिस्कन संघांत साधा बंधु म्हणून दीक्षा घेतली. १५९३ मध्यें हिदेयोशी या जपानच्या सत्ताधीशाकडे गेलेल्या शिष्टमंडळाचा तो दुभाषा होता. पुढें हिदेयोशीची मर्जी फिरली, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकीच्या टेकडीवर २६ जणांस क्रूसावर चढवून भाल्यांनीं भोसकण्यांत आलें. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी जेझुइट आणि सतरा जपानी गृहस्थ होते. वसईचा गोन्सालो त्या सहांपैकीं एक.

१६२७ मध्यें हे सर्व धन्य ठरले, आणि ८ जून १८६२ रोजीं नववा पायस यानें त्यांस संत घोषित केलें. मरणानंतर २६५ वर्षांनीं निकाल लागला! मधल्या काळांत १७३९ मध्यें चिमाजी आप्पानें वसई जिंकली, पुढें इंग्रज आले, पोर्तुगीजांच्या किल्ल्यांतील देवळें पडून त्यांवर झाडें उगवलीं. दाव्याचे कागद मात्र रोममध्यें जिवंत राहिले. संस्थेच्या दप्तराचें सामर्थ्य तें हेंच. परंतु या दप्तरानें आपणांस दिलें काय? एक मरणाची तारीख, एक ठिकाण, एक धैर्याची साक्ष. वसईच्या त्या पोरानें कोणत्या भाषेंत आईस हांक मारली, परक्या संघानें दार लावलें तेव्हां त्याच्या मनास काय वाटलें, तें त्याच्या स्वतःच्या शब्दांत वाचावयास मिळत नाहीं. दप्तरास संत मिळाला. माणूस बहुतांशीं हातचा निसटला.

गोमंतकाची कथा याहून थोडी भाग्याची. बाणावलीचे जोसेफ वाझ हे १६८७ मध्यें सिंहलद्वीपांत वेष पालटून गेले, कारण तेथें डचांनीं कॅथॉलिक पाद्र्यांस बंदी केली होती. कॅंडी येथें देवीची सांथ आली तेव्हां ज्यांस आप्तांनीं टाकलें त्यांची त्यांनीं शुश्रूषा केली, आणि १७११ मध्यें तेथेंच देह ठेवला. ते १९९५ मध्यें धन्य आणि २०१५ मध्यें संत ठरले. दुसऱ्या चमत्काराची अट पोपनें त्यांच्यापुरती सोडून दिली. आम्हांस तर ही सूट फार न्याय्य वाटते. ज्यानें रोग्यास हात लावला त्याच्या पुण्याईस आणखी रोगी बरा झाल्याचा दाखला कशास हवा? पण सर्वांस अशी सूट मिळत नाहीं. ज्यांच्या नांवाच्या शाळा-कॉलेजांतून वांद्रें आणि वाशी येथें हजारों मराठी मुलें शिकलीं, ते गोव्याचे फादर आग्नेल १९२७ मध्यें वारले आणि १९८६ मध्यें 'पूज्य' ठरले. पुढील पायरीस चमत्काराचा पुरावा लागतो; लोकांची भक्ति कितीहि असली तरी त्यावांचून प्रकरण पुढें सरकत नाहीं.

आतां आपल्या घराकडे वळूं. आपली पद्धति याच्या अगदीं उलट. आपल्याकडे मरणाची तारीखहि पुष्कळदां वादग्रस्त असते, पण संताचा शब्द घरोघर असतो. रोमला साक्षीदार लागतात. येथें संत स्वतःच स्वतःचा साक्षीदार. तुकोबांचें संतत्व कोणी सिद्ध करावें लागत नाहीं, कारण त्यांचा लोभ, त्यांची चडफड, त्यांची शंका आणि त्यांची शांति हीं सर्व त्यांच्याच अभंगांत उघडीं पडलीं आहेत. ज्यानें आपल्याविरुद्ध आपणच जबानी दिली त्यास दुसऱ्या सैतानाच्या वकिलाची काय गरज? एवढ्यापुरतें मराठी संतपरंपरेचें श्रेष्ठत्व आम्ही निःशंकपणें मान्य करतों.

पण अभंगावरून दृष्टि काढून चरित्राकडे नेली कीं चित्र पालटतें. आपल्या संतचरित्रांचा मुख्य आधार महीपति. त्यांचा 'भक्तविजय' १७६२ चा, आणि ज्यांत तुकोबांचें चरित्र विस्तारानें आलें तें 'भक्तलीलामृत' १७७४ चें. तुकोबांचें निर्याण १६५० चें. म्हणजे मध्यें सव्वाशें वर्षें गेलीं. नाभाजी आणि उद्धवचिद्घन यांच्या ग्रंथांचा आधार आपण घेतला हें महीपतींनीं मोकळेपणानें सांगितलें आहे, आणि त्यांच्या रसाळ ओवीनें मराठी घरांवर जे उपकार केले ते मोजतां येण्यासारखे नाहींत. तथापि त्यांच्या दरबारांत विरोधकाची भूमिका आधींच ठरलेली असते. तो प्रथम निंदा करील, मग त्यास शिक्षा होईल, मग तो शरण येईल. सैतानाच्या वकिलास येथेंहि जागा आहे. पण त्यास बोलूं देतात तें हरण्यासाठींच.

यांत आपलें नुकसान काय झालें तें पाहा. वाघोलीच्या रामेश्वर भट्टांनीं तुकोबांस विरोध केला, तो केवळ दुष्टपणानें केला असें समजणें सोपें आहे. पण त्यांचा आक्षेप त्या काळच्या शास्त्रास धरून होता: शूद्रानें श्रुतीचा अर्थ लोकांस सांगण्याचा अधिकार कोठून आणला? हा आक्षेप पूर्ण जोरानें मांडूं दिला, तरच तुकोबांनीं केवढें धाडस केलें याची कल्पना येते. आक्षेपकास खलपुरुष केलें कीं भांडण दोन माणसांचें होतें, समाजाचें राहत नाहीं; आणि इंद्रायणींतून वह्या वर येतांच प्रश्न सुटला असें वाचकास वाटतें. वह्या तरल्या कीं नाहीं याचा वाद आम्ही येथें घालीत नाहीं. त्या बुडवाव्या असें कोणास कां वाटलें, याचें उत्तर चमत्कारानें झांकून टाकूं नये, एवढेंच आमचें मागणें आहे. या दृष्टीनें बहिणाबाईंचे आत्मचरित्रपर अभंग आम्ही कोणत्याहि चरित्राहून अधिक विश्वासार्ह मानतों. त्या तुकोबांच्या हयातींत देहूस राहिल्या, मंबाजीचा जाच त्यांनीं स्वतः सोसला, आणि जें सोसलें तें सांगितलें. ही प्रत्यक्ष साक्ष होय. तिच्यापुढें सव्वाशें वर्षांनंतरची आख्यायिका दुय्यमच ठरली पाहिजे.

लोकांच्या निवाड्याची दुसरी उणीव याहून गंभीर आहे. लोक संत मानतात, पण मानण्याची किंमत देत नाहींत. चोखोबा मंगळवेढ्याच्या गांवकुसाचें काम करतांना भिंत कोसळून वारले. परंपरेनें तें साल १३३८ सांगतात. त्यांची समाधि पंढरपुरास देवळाच्या महाद्वारापाशीं झाली, त्यांचे अभंग दिंडींत गाइले गेले, त्यांच्या नांवानें सवर्णांनींहि टाळ वाजविले. संतपदाची घोषणा याहून मोठी कोणती असावी? पण त्यांच्या जातीच्या माणसास त्या दारांतून आंत जाण्यास १९४७ साल यावें लागलें. आणि त्यासाठीं साने गुरुजींस मे महिन्यांत दहा दिवस उपोषण करावें लागलें. सहाशें वर्षें आपण संतास वंदन करीत होतों आणि त्याच्या नातलगांस बाहेर उभे करीत होतों. रोमच्या कचेरीचा संथपणा पाहून हंसणाऱ्यांनीं हा हिशेब एकदां मांडून पाहावा.

अलीकडे आपल्याकडेहि घोषणेचा एक नवा मार्ग निघाला आहे. तो म्हणजे सरकारी ठराव आणि संस्थेची पाटी. इंझोरीचा विद्यार्थी आज पदवी घेतो ती संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाची. गाडगेबाबांस संत म्हणण्यास कोणाचीच हरकत असणार नाहीं. पण आपणांस शिष्य नाहीं असें सांगणाऱ्या, खराटा हातीं घेऊन गांव झाडणाऱ्या आणि देवापुढील नवसाची कीर्तनांत थट्टा उडविणाऱ्या त्या पुरुषाच्या नांवाची कमान उभारणें जितकें सोपें, तितकें त्याचें म्हणणें अंगीं लावून घेणें सोपें नाहीं. त्यांचें नांव निदान योग्य जागीं गेलें. परंतु ज्यांच्या जीवनाची कोणतीहि परीक्षा झाली नाहीं अशा हयात मंडळींच्या नांवामागेंहि आज फलकावर 'संत' हा शब्द बिनदिक्कत रंगविला जातो. कॅथॉलिक पद्धतींत मेल्यावांचून चौकशी नाहीं. येथें चौकशीवांचून जिवंतपणींच निकाल! अनुयायी फसले, मालमत्ता उधळली, प्रकरण न्यायालयांत गेलें, म्हणजे मग आपण सैतानाचा वकील शोधूं लागतों. तो आधींच बोलता तर पुष्कळ घरांचें रडें चुकलें असतें.

असो. आपणहि संतपदासाठीं खातें उघडावें असें आम्ही म्हणत नाहीं. तसें खातें आपल्याकडे निघालें तर तें कोणाच्या हातीं जाईल हें सांगावयास नको. आणि आन्ना राणीचें पद राजकारणानें जसें गेलें तसें येथेंहि रोज एकाचें जाईल आणि एकाचें येईल. आमची सूचना वाचकांपुरती आहे. रोमपासून विरोधकाचें ऐकण्याची शिस्त घ्यावी, ऑर्थोडॉक्सांपासून भक्ति आधीं आणि ठराव मागाहून हा क्रम घ्यावा, आणि संताचा स्वतःचा शब्द हाच मुख्य पुरावा ही आपली परंपरा सोडूं नये. संतचरित्र हातीं आल्यास तीन प्रश्न विचारावे: हें कोण सांगतो, किती वर्षांनीं सांगतो, आणि ज्यानें विरोध केला त्याचें म्हणणें याच्यांत पुरतें आलें आहे काय? जे खरे संत आहेत त्यांस या प्रश्नांचें भय नाहीं. तुकोबांनीं तर हे प्रश्न स्वतःस विचारून ठेवले आहेत. भय आहे तें खोट्यांस, आणि त्यांच्याहूनहि अधिक, हात जोडले कीं आपलें कर्तव्य संपलें असें मानणाऱ्या आपणां सर्वांस. कारण संताचा निवाडा करणाऱ्या समाजाचा निवाडाहि त्याच वेळीं होत असतो, आणि चोखोबांच्या बाबतींत तो आपल्याविरुद्ध झालेला आहे.